सळया वळतात, पण कुणामुळं?

प्रश्न : साहेब, आमच्या तीन एकरात दोन बोअर कोरडे गेले. आता मेव्हण्यानं तांब्याच्या सळया आणल्यात. म्हणतो, पाणाड्याला पैसे कशाला द्यायचे, आपणच पाणी पाहू. त्या धरायच्या कशा? आणि खरंच पाणी दाखवतात का?
– एक शेतकरी, ता. केज, जि. बीड

उत्तर : भाऊ, आधी धरायचं सांगतो, कारण तुम्ही धरून पाहणारच. हातभर सळईचं मूठभर टोक काटकोनात वाकवा. दोन्ही मुठींत आखूड टोकं सैल धरा, लांब टोकं समोर, जराशी खाली झुकलेली. सावकाश चाला. कुठंतरी त्या एकमेकींवर आडव्या येतील. भूजलाच्या नोकरीत मुरलेला मी, पण पहिल्यांदा सळया वळल्या तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू?

वळवतं आपलंच मनगट. सळई इतकी अधांतरी असते की मनगट केसभर कललं तरी ती फिरते. ‘इथं पाणी असेल’ असं मनात आलं की स्नायू नकळत हलतो; विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्यानं १८५२ सालीच हे मांडलं. उंबराची दुबेळकी फांदी, तळहातावर उभा राहणारा नारळ, सगळ्यांची गत तीच.

मग पाणाड्याचं खरं कसं ठरतं? आपल्याकडं बेसाल्टचे, म्हणजे काळ्या दगडाचे, थरावर थर. वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणजे छिद्राळ दगडात पावसाळ्यानंतर थोडीफार ओल बऱ्याच ठिकाणी लागते. पण ओल लागणं निराळं आणि मे महिन्यात मोटार तासभर चालणं निराळं. शिवाय जुना पाणाड्या वारूळ, उंबर, ओढ्याचं वळण डोळ्यांनी टिपत असतो. जुन्या काळच्या वराहमिहिर या ज्योतिष्यानं आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखायच्या खुणा दिल्यात, त्याच जातीचं हे ज्ञान. श्रेय मात्र नारळाला जातं! (आमची यंत्रंही चुकतात. माझ्या सांगण्यावरून घेतलेल्या एका बोअरमधून नुसता फुफाटा निघाला होता. त्या शेतकऱ्याच्या गल्लीतून मी वर्षभर गेलो नाही.)

मेव्हण्याला एक करायला सांगा. सळया वळतील तिथं फक्कीनं खूण करा. मग त्याचे डोळे बांधा, दोन गिरक्या द्या आणि पुन्हा चालवा. आमच्या वडिलांनी असं पाच वेळा केलं, पाच जागा निघाल्या. म्हणाले, “पाणी आज फिरतंय.”

तिसरं मशीन बोलवायच्या आधी शेजारच्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी दोरीनं मोजा आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडं चौकशी करा. त्या दोन बोअरचा चुरा बांधावर अजून पडलेला असेल. काळा पाषाण किती फुटांवर लागला, मध्ये तांबड्या गेरूसारखा थर आला होता का, एवढं मला कळवा.