‘तालीम’ आखाड्यातली की मदरशातली?

विचारणा अशी आहे: मराठीत तालीम म्हणजे कुस्तीची जागा किंवा नाटकाचा सराव. मग उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण कसं? हे दोन निराळे शब्द आहेत का?

नाहीत, शब्द एकच. अरबीत ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, आणि त्याच धातूपासून ‘तअलीम’ म्हणजे शिकवणं. आलिम (विद्वान), मुअल्लिम (शिकवणारा) ही त्याचीच भावंडं. जुन्या पत्रांत ‘साहेबांस मालूम व्हावे’ असं येतं, तो ‘मालूम’ही त्यातलाच. फारसीच्या वाटेने हे शब्द आपल्याकडे आले.

इ. स. १२००च्या सुमारास बुऱ्हानुद्दीन अल-झर्नूजी यांनी विद्यार्थ्यांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘तअलीम अल-मुतअल्लिम तरीक अत-तअल्लुम’, म्हणजे ‘शिकणाऱ्याला शिकण्याची रीत शिकवणं’. एका नावात एकच धातू तीनदा, आणि मराठीत आणलं तरी ‘शिक’ तीनदाच! मला हे नाव फार आवडतं. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर आत आहे. झर्नूजी सांगतात: कालचा पाठ पाच वेळा म्हणा, परवाचा चार वेळा, त्याआधीचा तीन, मग दोन, मग एक. आणि तोही मनातल्या मनात नव्हे, जोर लावून. मदरशात तर या कामाला खास माणूसच असे. मुदर्रिस, म्हणजे मुख्य शिक्षक, पाठ देई आणि ‘मुईद’ तो विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेई. मुईद या शब्दाचा अर्थच मुळी ‘पुन्हा करणारा’. बगदादला १२३४ साली उघडलेल्या मुस्तन्सिरिया मदरशातही असे मुईद होते.

आता नाटकाची तालीम आठवा. तेच वाक्य, तीच एन्ट्री, पुन्हा पहिल्यापासून. किंवा लाल मातीत तोच डाव शंभरदा घोटणारा पोरगा. मराठीने अर्थ बिघडवला असं मला मुळीच वाटत नाही. शिकवण्यातला घोटून घेण्याचा भाग तिने उचलला, आणि जिथे घोटून घेतात त्या जागेलाही तेच नाव दिलं. ‘अमक्या बुवांच्या तालमीत तयार झालेला गवई’ म्हणताना तर मूळचा अर्थ जसाच्या तसा येतो. तिथे ना माती असते, ना रंगमंच.

आणि त्या मातीत डाव शिकवणारा ‘वस्ताद’ म्हणजे फारसी ‘उस्ताद’, शिक्षकच.