नोकरी करून गावातल्या प्राण्यांच्या ग्रुपला मदत कशी करायची?

तुम्ही विचारलंय की गोव्यात पेडण्याकडच्या तुमच्या गावात चार-पाच जण स्वतःच्या खिशातून भटक्या कुत्र्यामांजरांचं बघतात, तुम्हाला नोकरीमुळे वेळ नाही, मग पैसे दिले तर चालेल का. मी डिचोली तालुक्यात अशाच एका छोट्या ग्रुपमध्ये आहे म्हणून सांगते.

चालेल, पण एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडे द्या, जमतील तेवढेच पण ठरलेल्या तारखेला. एखाद्या जखमी कुत्र्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला की पैसे येतात, पण पार्वो (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार) झालेल्या पिल्लाला रोज सलाईन लावायचं असतं त्याचा फोटो कोणी बघत नाही आणि मेडिकलवाल्याची उधारी वाढत जाते. ती उधारी परस्पर दुकानात जाऊन थोडी भरलीत तरी त्या पोरांना केवढा आधार वाटेल.

पण खरं सांगू का, पैशांपेक्षा तुमच्या वाड्यावरची तुमची ओळख जास्त कामाची आहे. नसबंदीचंच घ्या, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून कुत्र्याला उपाशी ठेवावं लागतं, ग्रुपने सगळं जुळवून गाडी मागवलेली असते आणि सकाळी शेजारची आजी मायेने त्याला चपाती घालते, झालं, ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं! आजीचं काही चुकलं नाही, तिला कोणी सांगितलेलंच नसतं. दुसऱ्या वाड्यावरून आलेली पोरं दारोदार कुठे सांगत फिरणार, तुम्ही संध्याकाळी चार घरी जाऊन सांगू शकता. कुठली मादी कुठे व्याली, कुठला कुत्रा कोणाच्या हाकेला येतो, हेही तिथे राहणाऱ्यालाच माहीत असतं, आणि ओळखीचं माणूस सोबत असलं की जाळं टाकून पळवापळवी करावी लागत नाही.

नंतर कुत्रा परत आणून सोडला की लोक भांडायला येतात, परत कशाला आणला म्हणून. २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो, आणि त्याला कारणही आहे, जागा रिकामी झाली की दुसरे बिनलसीचे कुत्रे येऊन बसतात. हे ग्रुपच्या पोरांनी सांगितलं की वाद होतो, तुमच्यासारख्या शेजारणीने सांगितलं की निदान ऐकून तरी घेतात. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तो वर्षानुवर्षं गावागावात फिरून कुत्र्यांना लस टोचली म्हणून, आणि ते दरवर्षी करावंच लागतं कारण नवीन पिल्लं होतच राहतात, साधारण ७०% कुत्र्यांना लस असली तर रोग पसरत नाही. लसीकरणाची गाडी येईल तेव्हा तुमच्या वाड्यातला एकही कुत्रा सुटू नये एवढं जरी बघितलंत तरी खूप झालं.

तुमचं गाव किनाऱ्याकडे असेल तर जून ते सप्टेंबर विसरू नका. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती खानावळं, बंद होतात, पर्यटक जातात आणि सीझनभर तिथे खाऊन जगलेली कुत्री एकदम उपाशी पडतात, त्यात पावसात जखमांना किडे पडतात. ग्रुपला सगळ्यात जास्त माणसं तेव्हाच लागतात आणि मिळतात तेव्हाच कमी. तांदूळ, जुने टॉवेल, चादरी, रद्दी पेपर, सगळं चालतं.

घरी मागे पडवी किंवा रिकामी खोली असेल तर ऑपरेशन झालेलं एखादं जनावर थोडे दिवस ठेवून घ्या, जागेची अडचण सगळीकडेच आहे. फक्त घरात लस न दिलेलं पिल्लू असेल तर आजारी पिल्लू आणू नका, पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो.

आणि कृपा करून रात्री अकराला फोन करून पिल्लू सापडलंय, घेऊन जा, असं सांगू नका. ती पोरंही सकाळी कामाला जातात, आणि अशा फोनांनीच बरेच जण थकून ग्रुप सोडतात, मला याचं फार वाईट वाटतं. पिल्लू सापडलं तर ते तुम्ही ठेवा, डॉक्टर कुठला, खायला काय द्यायचं ते त्यांना विचारा.

पहिल्यांदा बोलाल तेव्हा काही लागलं तर सांगा एवढंच म्हणू नका, त्यांना मागायला संकोच वाटतो. रविवारी सकाळी माझी गाडी मोकळी असते, डॉक्टरकडे मी नेऊ शकते, असं सरळ सांगा, त्याच रविवारी फोन येईल बघा.