डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या दुधाळ दिसल्या असतील, तर रक्ताचा नमुना लॅबकडून माघारी घेऊ नका

उमरेडच्या ताई, आपली मुलगी ३३ व्या आठवड्यात जन्मली, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची करतात ती डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करताना डॉक्टरांना रक्तवाहिन्या पांढरट दिसल्या, आणि रक्त दिले तर लॅबने "नमुना खराब आहे, उपाशीपोटी पुन्हा आणा" म्हणून परत पाठवले, हे आपण लिहिलेले वाचून माझ्या पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी नागपुरात माझ्या मुलाच्या वेळी हेच वाक्य आम्हाला ऐकवले गेले आणि त्यापायी आमचे अकरा दिवस गेले. मी डॉक्टर नाही. खालचे सगळे एका आईच्या अनुभवातले आहे. निर्णय आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.

मुलीची नजर जाईल का, असे आपण विचारले आहे. या अवस्थेला लायपेमिया रेटिनॅलिस म्हणतात आणि तिच्यात सहसा नजरेला धोका नसतो, कारण दोष पडद्यात नसून रक्तात असतो. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी साधारण २,५०० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आसपास पोहोचली की त्या रक्ताचा दुधाळ रंग वाहिन्यांच्या पातळ भिंतींतून दिसू लागतो, आधी पडद्याच्या कडेला आणि मग मध्यापर्यंत. ५,००० च्या पुढे सगळा पडदाच फिकट नारिंगी दिसतो आणि रोहिणी कोणती, नीला कोणती, हे रंगावरून कळेनासे होते. रक्तातील चरबी उतरली की वाहिन्या पुन्हा लाल होतात. माझ्या मुलाच्या तीन आठवड्यांत झाल्या. म्हणून डोळ्यांसाठी हैदराबादला जाण्याची घाई माझ्या मते आत्ता करू नये. मात्र बाहुलीच पांढरी चमकत असेल, तर ती गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे गेले पाहिजे.

रक्तात इतकी चरबी असली की खरा धोका स्वादुपिंडाला असतो, आणि आमची चूक तिथेच झाली. मुलगा तेव्हा सहा आठवड्यांचा होता. टाचेतून काढलेले रक्त गुलाबी दुधासारखे होते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. लॅबमधल्या मुलाने नळी यंत्रात फिरवून आणली, तेव्हा वर पिवळसर पाणी दिसायला हवे तिथे अगदी सायीच्या दुधासारखा पांढरा थर होता. त्याने नळी उजेडाकडे धरली, मान हलवली आणि कागदावर "लिपेमिक (म्हणजे चरबीने गढूळ), नमुना अयोग्य" असा शिक्का मारला. उपाशी ठेवून आणा, असे आम्हाला सांगण्यात आले. दर दोन तासांनी दूध पिणाऱ्या बाळाला आम्ही आधी चार तास आणि दुसऱ्या खेपेला सहा तास उपाशी ठेवले; ते रडून रडून निळे पडले, तरी रक्त पांढरेच निघाले आणि पुन्हा तोच शिक्का बसला. पडद्यावरचे हे चिन्ह १८८० पासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे, आणि आमच्या हातात डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठीही होती. तरीही ज्या नमुन्यात निदान समोर दिसत होते, तोच नमुना निरुपयोगी म्हणून टाकून दिला गेला, याचा संताप माझ्या मनातून आजही गेलेला नाही. अकराव्या दिवशी बाळाचे पोट फुगले, हिरव्या उलट्या सुरू झाल्या आणि स्वादुपिंडाला सूज आल्याचे सोनोग्राफीत दिसले. दुसऱ्या ठिकाणी नमुना पातळ करून मोजला, तेव्हा ट्रायग्लिसराइड ५,२०० निघाले.

म्हणून ताई, लॅबने नाकारलेला नमुना माघारी घेऊ नका. पातळ करून फक्त ट्रायग्लिसराइड मोजा, असे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि नळीचा फोटो काढून ठेवा. अशा रक्तात सोडियम खोटे कमी आणि हिमोग्लोबिन खोटे जास्त येऊ शकते, स्वादुपिंडाची सूज ओळखायला करतात ती अमायलेजची तपासणी नॉर्मल येऊनही स्वादुपिंडाला सूज असू शकते, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. बाळ काचेच्या पेटीत असताना शिरेतून चरबीचे सलाइन चालू होते का, तेही विचारा, कारण कधी कधी कारण तेवढेच असते.

आजार जन्मजात निघाला, म्हणजे चरबी फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकरच शरीरात नसले, तर उपचार मुख्यतः आहाराचा असतो. अंगावरच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा चरबीतून येते, म्हणून ते कमी किंवा बंद करून एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीची चरबी) असलेले खास दूध द्यावे लागते. ती चरबी आतड्यातून थेट यकृताकडे जाते आणि रक्त दुधाळ करीत नाही. हे स्वतःच्या मनाने कृपया करू नका. कोणी खोबरेल तेल सुचवील. तेही चालत नाही. माझ्या सासूबाईंनी तर माझे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर बंद केली होती. बाळंतिणीने तूप सोडल्याने दुधातली एकूण चरबी फारशी कमी होत नाही, हे मला आहारतज्ज्ञांकडून कळले, तोवर मी स्वतःला दोष देऊन झुरले होते. आपण तसे करू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

माझा मुलगा आता पहिलीत आहे. तो बिनफोडणीचे वरण, साय काढलेल्या दुधाचे ताक आणि हिवाळ्यात हवी तितकी संत्री खातो. तर्रीपोह्याच्या गाडीपाशी थांबून तर्रीकडे पाहत राहतो, तेव्हा मला वाईट वाटते, पण त्याचे पोट त्यानंतर एकदाच दुखले आहे.

एक नाजूक गोष्टही लिहिते. माझे यजमान माझे आतेभाऊ आहेत. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. असे एक मूल झाले असेल, तर त्याच आईवडिलांच्या पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ती चारांत एक असते. आपल्याकडे तसे नाते नसले तरी आजार नाकारता येत नाही. आपण मोठ्या मुलाचे पोट वारंवार दुखते असे ओघात लिहून गेला आहात. त्याचेही ट्रायग्लिसराइड याच आठवड्यात तपासून घ्या.