वडिलांची ७४ सालची प्रीमियर पद्मिनी कार निळा धूर सोडतेय, इंजिन उघडायचं की दुसरं टाकायचं?

दुसरं इंजिन अजिबात टाकू नका. वडिलांची गाडी म्हणताय आणि ५० वर्षांच्या वरची आहे, म्हणजे २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज (जुनी, जपलेली गाडी म्हणून) रजिस्ट्रेशन मिळू शकतं, पण त्यात इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तेव्हा आधी धूर कधी येतो ते बघा. सकाळी पहिल्या स्टार्टला भसकन येऊन बंद होत असेल तर बहुतेक वॉल्व गाइड (वॉल्वची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजलेत, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मागचा स्कूटरवाला दिसेनासा होत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. खात्रीसाठी कॉम्प्रेशन टेस्ट करा (सिलिंडरमधला दाब मोजायची), मग स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत करा, आकडा वर सरकला तर रिंगा-बोअर, नाहीच हलला तर वॉल्वचं काम.

बोअर (सिलिंडरचा व्यास) मूळ ६८ मिमीचा, १०८९ सीसी, साधं इंजिन आहे हो. ब्लॉक लेथवाल्याकडे नेण्याआधी ओव्हरसाइज (मूळपेक्षा थोडे मोठे) पिस्टन हातात घ्या, कारण बोअरिंग-होनिंग (सिलिंडर मोठा करून आतून घासणं) पिस्टन मोजून करायचं असतं, उलट नाही. माझं हेच चुकलं, बोअर आधी मारून घेतला आणि त्या मापाचे पिस्टन शोधत तीन महिने गाडी ताडपत्रीखाली. क्रँकशाफ्टपण किती झिजलाय ते मोजून घ्या, नुसते नवीन बेअरिंग शेल कोंबून देणारे मिस्त्री खूप आहेत, आणि हेड ॲल्युमिनियमचं असल्याने फेसिंग (खालची बाजू सपाट आहे का) तपासाच, गाडी कधी तापली असेल तर वाकलेलं निघतं.

कुठल्या गावात आहात ते टाका, लेथवाला सुचवतो.