हॅचला सीलंट कुठलं? आधी कुठला सांधा गळतोय ते बघा

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: बावीस फुटी फायबरची बोट, दिवाळ्याच्या खाडीत उभी. पुढे ॲल्युमिनियमची फ्रेम आणि धुरकट ॲक्रिलिकची (काचेसारख्या प्लास्टिकची) हॅच, म्हणजे डेकवरचं उघडझापीचं झाकण, मागे इंजिनावर फायबरचं झाकण. गेल्या पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी आत आलं. हार्डवेअरवाला म्हणतो सिलिकॉन मारा, मित्र म्हणतो थ्रीएम ५२०० या चिकट सीलंटशिवाय काही टिकत नाही. दोघांचंही जसंच्या तसं ऐकू नका. सिलिकॉन लागेल, पण एकाच जागी, आणि तेही हार्डवेअरवाल्याच्या फळीवरचं नाही. ५२०० हॅचला कुठेच नको.

हॅचमध्ये पाणी अडवणाऱ्या जागा तीन असतात. फ्रेम डेकवर (बोटीच्या वरच्या पृष्ठभागावर) बसते तो सांधा, ॲक्रिलिक फ्रेममध्ये बसतं तो सांधा, आणि झाकण लावल्यावर दाबलं जाणारं रबर. लोक सगळीकडे एकच ट्यूब फिरवतात आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा विचारायला येतात. रबर चपटं होऊन मेलं असेल तर सीलंटचा काही उपयोग नाही, रबरच बदलायचं. ते तपासायला फळ्यावरचा खडू पुरतो. झाकण ज्या कडेवर टेकतं त्या कडेवर खडू फिरवा, झाकण बंद करून खटका लावा, मग उघडून रबर बघा. पांढरी रेघ सलग उमटली तर रबर ठीक. जिथे तुटली तिथून पाणी येतं. कधीकधी रबर चांगलं असतं आणि बिजागर किंवा खटका ढिला असतो. मागच्या झाकणाचं दुखणं बहुधा इथेच निघेल.

पुढच्या हॅचसाठी पाण्याचा पाइप घ्या, पण जोराचा फवारा नको. एक माणूस आत टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर घेऊन बसवा. पाणी आधी फ्रेम आणि डेकच्या सांध्यावर सोडा, थोडा वेळ थांबा, मग ॲक्रिलिकच्या कडेवर सोडा, आणि शेवटी रबरावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत थेंब जिथे पडतो तिथेच वर भोक असेल असंही समजू नका. आतल्या अस्तरामागून पाणी हातभर लांब जाऊन मग टपकतं.

आता मुख्य सांधा, फ्रेम आणि डेक. इथे निवडताना माझा पहिला प्रश्न हा की ही फ्रेम पुन्हा कधी काढावी लागेल का? हॅचच्या बाबतीत उत्तर नेहमी हो. ५२०० हे कायमचं चिकटवायचं पॉलियुरेथेन आहे. त्यावर बसवलेली फ्रेम काढताना ॲल्युमिनियम वाकतं किंवा डेकचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर) सोलून निघतो. सांध्याला धरून ठेवायचं काम स्क्रूंचं आहे, सीलंटने फक्त पाणी अडवायचं. त्यामुळे इथे माझी पहिली पसंती ब्युटाइल टेपला, म्हणजे मऊ रबरासारख्या चिकट पट्टीला. तो वाळत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहतो, फ्रेम काढायची वेळ आली तर सुटतो. मात्र घेताना नीट बघा. पत्र्याच्या छतासाठी मिळतो तो चंदेरी पाठीचा टेप इथे चालत नाही, आणि स्वस्तातला काळा टेप बऱ्याचदा डांबराचा असतो. तुम्हाला हवा तो दोन्ही बाजूंनी चिकटणारा, साधा ब्युटाइल. प्रत्येक स्क्रूच्या भोकाचं तोंड वरून थोडं तिरकं तासा आणि ब्युटाइल कणकेसारखं मळून त्याची बारीक वळी स्क्रूच्या डोक्याखाली गुंडाळा. स्क्रू एकदम आवळू नका. थोडं आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. उन्हात टेप मऊ झाला की बाहेर आलेला भाग प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाका.

ब्युटाइलचं एक वैर आहे, पेट्रोल-डिझेलशी. त्यामुळे इंजिनाच्या झाकणाच्या चौकटीला किंवा टाकीच्या तोंडाजवळ तो नको. तिथे पॉलिसल्फाइड हे ट्यूबमधलं सीलंट, ते इंधनाला दाद देत नाही. ट्यूबमधलंच काही हवं असेल तर पुढच्या फ्रेमलाही पॉलिसल्फाइड किंवा मध्यम पकडीचं हायब्रिड सीलंट चालेल. फक्त पॉलिसल्फाइड ॲक्रिलिकला लागू देऊ नका. त्यातल्या द्रावकांनी ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही तडकतात.

ॲक्रिलिक आणि फ्रेमच्या सांध्याला मात्र सिलिकॉन हवं, आणि याचं कारण थोडं खोलात सांगतो. ॲक्रिलिक तापलं की ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट फुगतं. ५०० मिमीचा तुकडा घ्या. सकाळ आणि एप्रिलची दुपार यात त्याच्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो, धुरकट रंगाचं असेल तर जास्तच. तेवढ्यात ॲक्रिलिक साधारण १ मिमी वाढतं आणि फ्रेम जेमतेम ०.३५ मिमी. म्हणजे सांधा रोज अर्ध्या मिमीहून जास्त ताणला जातो आणि रात्री परत येतो. हे सोसणारं आणि काचेतून आत शिरणाऱ्या उन्हात न कुजणारं सीलंट म्हणजे न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, जमताना आम्ल न सोडणारं. डाउसिल ७९५ हे असंच एक सिलिकॉन हॅचसाठी वापरतात ते याच कारणाने. आपल्याकडे हे शोधायला बोटींच्या दुकानातच जायला हवं असं नाही. ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींना काचा बसवणारे याच जातीचं सिलिकॉन वापरतात, त्यांना माल पुरवणाऱ्यांकडे विचारा. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते बाथरूमचं ॲसिटिक सिलिकॉन. त्याने ॲल्युमिनियम गंजतं, परत करा. आणि ॲक्रिलिकभोवती सगळीकडे ३ मिमीच्या आसपास फट ठेवा. घट्ट ठोकून बसवलं तर फुगायला जागाच उरत नाही.

मग डेकलाही सिलिकॉनच का नको? कारण ते फायबरवर मागे जो पातळ थर सोडतं त्यावर पुढे ना रंग धरत ना दुसरं सीलंट. काम दोन दिवसांचं असेल तर आधी डेकचं सगळं उरका, सिलिकॉनची ट्यूब नंतर उघडा.

जुनं काढायला छिन्नी-हातोडा नको. जाड तंगूस दोन काठ्यांना बांधा आणि फ्रेमखालून करवतीसारखा मागेपुढे ओढा, जुना थर कापत जातो. ॲक्रिलिक पुसायला थिनर, ॲसिटोन किंवा अमोनियाचं काच पुसायचं पाणी लावू नका, केसासारखे तडे जातात आणि ते परत जात नाहीत. आधी साबणाचं पाणी, मग कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, भराभर पुसून सुकू द्या.

फ्रेम निघाली की भोकं बघा. डेकच्या आत प्लाय असेल आणि पाणी शिरलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर आवाज बद्द येतो. तसा आला तर आधी सुकवा, भोक मोठं करा, पूड मिसळून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा आणि मग त्यात नवं भोक पाडा. त्यापुढे पाणी भोकात आलं तरी प्लायपर्यंत पोचत नाही. डेक वाकडा असून फ्रेमखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसत असेल तर तीही इपॉक्सीने समतल करा. सीलंटकडून पुट्टीचं काम घेऊ नका.

ट्यूबवालं सीलंट वापरलंत तर फ्रेमखाली आणि प्रत्येक भोकाभोवती सलग रेघ ओढा, आणि सगळीकडून थोडं थोडं बाहेर येईपर्यंतच आवळा. सगळं दाबून बाहेर काढलं तर आत उरतो तो कागदाएवढा थर, त्याला ताण सोसायला जागाच नसते. नंतर पक्कं आवळताना वरून स्क्रू फिरवू नका. तो धरून ठेवा आणि खालून फक्त नट फिरवा, नाहीतर स्क्रूभोवती जमलेलं कडं तुटतं. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जातात तिथे लॅनोलिनचं ग्रीस लावा, खाऱ्या हवेत ते दोन धातू एकमेकांना खातात.

वेळ पावसाळ्याबाहेरची, कोरडीच बरी, पण सकाळी दव सुकल्यानंतर आणि ऊन तापायच्या आत. पॉलियुरेथेन आणि न्यूट्रल सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच जमतात, म्हणून काहीजण पावसाळ्यात काम काढतात. हवा दमट असली तर चालते, पृष्ठभाग ओला असला तर पकड बसत नाही, आणि जुलैत खाडीवर कोरडा पृष्ठभाग कुठून आणणार? ट्यूबवरची तारीखही बघून घ्या. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळा काढलेली ट्यूब तारखेआधीच घट्ट होते.

स्क्रू काढलेत की भोकांचे जवळून फोटो टाका. प्लाय काळा निघाला तर सीलंट विकत घ्यायची घाई करू नका, आधी त्याचं बघू.