१५ वॉटचा छोटा ट्यूब अ‍ॅम्प मेटल वाजवायला पुरतो का?

आवाजाला पुरतो, पण तुम्ही बघताय तो गेनला, म्हणजे मेटलला लागणाऱ्या फाटलेल्या आवाजाला, पुरत नाही.

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅटवर राहता, गिटार ड्रॉप सी मध्ये (सगळ्यात खालची तार सी पर्यंत उतरवलेली) असते, ड्रमरबरोबर सराव चालतो, अधूनमधून एखादा कार्यक्रम असतो आणि आता ऑरेंज कंपनीचा जुना, १५ वॉटचा टायनी टेरर बऱ्या किमतीत मिळतोय. घ्यायचा तर पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल (सिग्नल वाढवून फाडणारी पायाने दाबायची पेटी) लावायचं हे धरूनच घ्या. गिटार थेट अ‍ॅम्पला लावून हेवी रिफ काढायचे मनात असतील तर राहू दे.

आधी वॉटचा विषय संपवतो, कारण सगळे तिथेच अडकतात. आपल्या गावाला गणपतीतल्या डॉल्बीची सवय. हजारांच्या खाली आकडा दिसला की आपल्या माणसाला तो अ‍ॅम्प खेळण्यातला वाटतो. पण वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. १५ आणि १०० वॉटमध्ये फरक जेमतेम ८ डेसिबलचा. त्यातला काही भाग स्पीकरच भरून काढतो. ९७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर काढून १०० चा बसवला की अ‍ॅम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखंच झालं. त्यामुळे चांगल्या १२ इंची स्पीकरवर १५ वॉट ट्यूब ड्रमरच्या बरोबरीने ऐकू येतो. शाहू स्मारकसारख्या हॉलमध्ये तर तुमचा आवाज पीएमधूनच, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांतूनच, जाणार. साउंडवाल्याला फक्त एवढं सांगा की माइक स्पीकरच्या जाळीला लागून आणि कोनच्या मध्यापासून थोडा बाजूला लाव. नाहीतर तो गाण्याचा माइक हातभर लांब उभा करतो आणि मग सगळे अ‍ॅम्पला नावं ठेवतात.

खरा प्रश्न गेनचा. टायनी टेरर २००६ साली आला आणि त्याच्यामागून डब्याएवढ्या पत्र्याच्या पेटीतले ट्यूब हेड (स्पीकर नसलेले, नुसते वरचे डबे) बऱ्याच कंपन्यांनी काढले. पुढे नॉब तीनच: व्हॉल्यूम, टोन, गेन. आत छोट्या ट्यूब दोन, १२एएक्स७, आणि पॉवर ट्यूब दोन, ईएल८४. आता हिशोब करा. एका १२एएक्स७ च्या काचेत दोन ट्रायोड (सिग्नल वाढवणारे भाग) असतात, म्हणजे एकूण चार. दोन्ही पॉवर ट्यूब आळीपाळीने काम करतात आणि त्यांना एकमेकींच्या उलटा सिग्नल लागतो. तो तयार करणारा फेज इन्व्हर्टर चारातले दोन ट्रायोड घेऊन बसतो. गेनला उरले दोन. दोन टप्प्यांत झकास क्रंच (हलका फाटलेला आवाज) येतो, जुनं हार्ड रॉक येतं, गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतला की आवाज साफही होतो. मेटलच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र तीन, चार किंवा त्याहून जास्त टप्पे एकामागे एक असतात आणि मधल्या सांध्यांवर बेस थोडा थोडा कापलेला असतो. तो कापलेला असतो म्हणूनच एवढ्या गेनमध्येही चग, म्हणजे तळव्याने तार दाबून मारलेला ठोका (पाम म्यूट), घट्ट राहतो. टायनी टेररचा गेन पूर्ण उघडला की जाडी वाढते, धार वाढत नाही.

म्हणून कुठलाही छोटा ट्यूब अ‍ॅम्प बघताना वॉटच्या आधी छोट्या ट्यूब मोजा. एकच छोटी ट्यूब असून गेन धो धो येत असेल, तर तो बहुधा ऑपअ‍ॅम्प नाहीतर डायोडमधून, म्हणजे ट्यूबऐवजी सेमीकंडक्टरमधून, येतोय. त्यात कमीपणा काही नाही, बऱ्याचदा ते मेटलला जास्त सोयीचंच पडतं. फक्त आत मिणमिणणाऱ्या एका ट्यूबच्या नावावर जादा पैसे मोजू नका. याच कंपनीच्या मायक्रो डार्कमध्ये प्रीअ‍ॅम्पला एक १२एएक्स७ आहे आणि पॉवरचा २० वॉटचा भाग सॉलिड स्टेट, म्हणजे बिनट्यूबचा, आहे. दिसायला दोन्ही सख्खे भाऊ, आतून अगदी वेगळे.

दुसरी अडचण बेसची. ड्रॉप सी ची खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि अ‍ॅम्पची ताकद सगळ्यात जास्त खातात ते हे खालचे सूर. ड्रमरला गाठायला व्हॉल्यूम वर नेला की ईएल८४ ची जोडी आणि तिच्यामागचा छोटा ट्रान्सफॉर्मर नेमके तिथेच दमतात. चग मारला की आवाज क्षणभर दबतो आणि मागून फुगून येतो. ब्लूज वाजवणाऱ्याला हे दबणं बोटांखाली गोड लागतं. तुम्ही डूम किंवा स्टोनर वाजवत असता तर मीही म्हटलं असतं, डोळे झाकून घ्या, त्या संथ, जाड आवाजाला हा ढिलेपणा शोभतो. पण वेगात पाम म्यूट मारायचे असतील तर दोन चगांच्या मधली शांतता भरून जाते आणि रिफचा चिखल होतो.

यावर उपाय जुनाच. अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल लावा. ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल वर आणि टोन मध्यावर ठेवा. पेडल खालचा बेस कापतं, मधला भाग पुढे आणतं आणि पहिल्या ट्यूबला जोरात ढकलतं, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये नसलेला एक टप्पा तुम्ही बाहेरून जोडता. मग अ‍ॅम्पचा गेन पूर्ण उघडायची गरज उरत नाही, नॉब घड्याळातल्या दोनच्या जागी थांबवा. फरक पहिल्याच रिफला कळतो. एक उणीव तरीही राहते, टायनी टेररला इफेक्ट्स लूप (गेनच्या नंतर पेडल जोडायची जागा) नाही. नॉइज गेट पुढेच लावावा लागतो आणि तो गिटार-पेडलची खरखर मारतो, अ‍ॅम्पच्या स्वतःच्या गेनची मारत नाही. डिलेही गेनच्या आधी जातो आणि त्याचा गाळ होतो.

बघायला जाल तेव्हा स्वतःची गिटार, त्याच ट्यूनिंगमध्ये, घेऊन जा. विकणारा त्याच्या गिटारवर, स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये एक सोलो वाजवून दाखवेल आणि सोलो कुठल्याही अ‍ॅम्पवर छानच वाटतो. तुम्ही सगळ्यात खालच्या तारेवर आठ-आठ चग मारा आणि हात झटक्यात थांबवा. आवाज तुमच्या हाताबरोबर तुटतो की मागे भुर्र करत राहतो, ते ऐका. हे हळू आवाजात पटलं तरी निर्णय घेऊ नका, व्हॉल्यूम बँडच्या पातळीला नेऊन पुन्हा तेच करा. शेजारी ओरडतील, तो विकणाऱ्याचा प्रश्न. मग गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून खरखर ऐका, आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने छोट्या ट्यूबवर हलकी टिचकी मारा. बारीक टक ऐकू आली तर चालेल. घंटेसारखा घुमला किंवा शिट्टी धरली तर ती ट्यूब बदलावी लागणार, तेवढे पैसे किमतीतून कापून मागा. पॉवर ट्यूबच्या आत मधोमध केशरी दिवा दिसणं बरोबर आहे. त्याच काचेतला, दिव्याभोवतीचा राखाडी पत्रा लाल तापलेला दिसला तर ताबडतोब बंद करायला सांगा. आणि स्पीकर न जोडता ट्यूब हेड 'फक्त चालू होतो का बघू' म्हणून वाजवू देऊ नका, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

बजेट थोडं ताणता येत असेल तर माझं मत मार्शल डीएसएल२० ला. ईएल३४ ची जोडी आहे, बेस-मिड-ट्रेबल वेगवेगळे आहेत, वर प्रेझेन्स, रेझोनन्स आणि लूपही आहे. पुढे पेडल लावलं की मेटलचं काम होतं. निव्वळ गेनच हवा असेल तर ईव्हीएच ५१५० थ्री चा एलबीएक्स किंवा पीव्ही ६५०५ चा मिनी हेड शोधा. दोन्हीत ईएल८४ च आहेत, पण पुढचे टप्पे मेटलसाठीच रचलेले असल्यामुळे चग सुटत नाही. यावरून कळेल की मघाची तक्रार एकट्या ईएल८४ ची नव्हती. फ्लॅटवर रात्री वाजवायला पीव्हीवरचा २०, ५ आणि १ वॉटचा स्विच खरंच उपयोगी आहे, २० वरून १ वर आलात की १३ डेसिबल उतरतात. टायनी टेररचा १५ वरून ७ वरचा स्विच मात्र ३ डेसिबलचाच, खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्याने काही फरक पडणार नाही.

राहिला विजेचा मुद्दा. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलंय का, ते पैसे देण्याआधी वाचा. कुणीतरी अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा नग असेल तर तो आपल्या सॉकेटला थेट लावला की गेलाच. असा नग घ्यायचाच झाला तर उद्यमनगरात एखाद्या वाइंडिंगवाल्याकडून २३० ते १२० चा, ३०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. डबल वाइंडिंगचा सांगा, ऑटो नको, आणि अर्थिंगची वायर अ‍ॅम्पच्या पिनपर्यंत गेलीय ना ते मीटर लावून दाखवायला सांगा. प्रवासात हेअर ड्रायरला लावतात तसला हलका कन्व्हर्टर विकणारा फुकट देत असला तरी अ‍ॅम्पला लावू नका.