सहा हजारांचा भाव आमदार देईल?

प्रश्न : २०२४च्या विधानसभा प्रचारात आमच्या पारावर उमेदवार म्हणाले, ‘सोयाबीनला सहा हजार मिळवून देतो.’ आमदाराच्या हातात असतं का ते?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : नाही हो, दादा. हमीभाव केंद्र ठरवतं. त्या हंगामात तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता. राज्य वर भावांतर, म्हणजे भावातल्या फरकाची रक्कम, देऊ शकतं, पण तो निर्णय मंत्रिमंडळाचा. महायुती सहा हजार म्हणाली, आघाडी सात, सौदाच जणू! मी मात्र आडतीवरून चार हजार भावाची विक्रीची पट्टी घेऊन आलो. पुढच्या वेळी हमीभावाच्या खरेदी केंद्राचं विचारा : बारदाना, म्हणजे रिकामी पोती, वेळेवर येईल? ओलाव्यामुळे माल परत फिरवला, तर सभागृहात लक्षवेधी सूचना मांडून सरकारकडून उत्तर घ्याल? आमच्याकडचे उमेदवार ‘बारदाना’ ऐकताच चहा मागू लागले.